केबल ठीक, म्हणजे माणूस खोटा?

आमच्या संघटनेत संशय घ्यायला कुणी कुणाला शिकवत नसे. पत्रक लिहायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: हे कुणाच्या फायद्याचं? रॉकेल गावात पोचलंच नाही, कुणाच्या फायद्याचं? पाड्याचा रस्ता कागदावर झाला आणि जमिनीवर झाला नाही, कुणाच्या फायद्याचं? कॉलेज संपल्यापासून मी मुरबाडच्या कार्यालयात असली पत्रकं लिहीत होते आणि म्हशाच्या जत्रेत बैलांच्या रांगांमधून फिरत ती वाटत होते. त्यामुळे शहापूरच्या कार्यालयातले कॉम्प्युटर फक्त बाजाराच्या दिवशी बंद पडतात असं कळलं, तेव्हा माझ्याही तोंडून तेच निघालं. कुणाच्या फायद्याचं?

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. खिशात मोबाइल यायला लागले होते, भारनियमन मात्र होतं तिथेच होतं. शहापूरचं आमचं कार्यालय म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लोक बसत, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. आतल्या खोलीत दुसरा, त्याला जोडलेला प्रिंटर, आणि सगळ्या तक्रारींच्या फायली त्या आतल्या मशीनवर. मध्ये हब नावाची, हिरवे दिवे लुकलुकणारी डबी आणि दोन्ही मशीन बांधणाऱ्या केबली. बाहेर बसून टाइप करायचं, आत साठवायचं, आत छापायचं. एवढंच आमचं नेटवर्क. पण ते तुटलं की बाहेर टाइप केलेलं बाहेरच राहायचं, आणि पाड्यावरून पायपीट करत आलेला माणूस अर्ज न घेता परत जायचा.

टाइप करायला एक मुलगी होती. किन्हवलीकडची, भातशेती करणाऱ्या घरातली, टायपिंगची परीक्षा पास झालेली. तिचा थोरला भाऊ रेशनच्या दुकानात काट्यावर धान्य तोलायचा. हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं, कामाला लागली त्या दिवशी. तेव्हा कुणाला त्यात काही दिसलं नाही.

दिसलं ते उन्हाळ्याच्या शेवटी. वीटभट्ट्यांचा हंगाम संपला, भट्टीवर गेलेली कुटुंबं पाड्यांवर परतली, आणि बघतात तर रेशनकार्डातून नावं उडालेली. गावात नसता, म्हणून कमी केलं म्हणे. मग बाजाराच्या दिवशी हे लोक शहापुरात उतरायचे, मीठमिरची घ्यायचे आणि तशाच पिशव्या घेऊन कार्यालयात यायचे. खोली भरून जायची. आणि नेमकं त्याच दिवशी मशीन आत काही पाठवेना. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी, आणि मशीन कसं, शहाण्यासारखं चालू. पुढच्या बाजाराला परत तेच.

मुलगी बिचारी फ्लॉपी काढायची. बाहेर टाइप केलेलं फ्लॉपीवर घ्यायचं, आत न्यायचं, छापायचं. फ्लॉपी कधी उघडे, कधी नाही. एकदा गडबडीत फ्लॉपी तिच्या पर्समध्येच राहिली आणि तशीच घरी गेली. झालं. कुणीतरी बघितलं. आमच्या संघटनेत बघणारे पुष्कळ.

महिन्याच्या बैठकीला मी मुरबाडहून गेले होते. आमचे अध्यक्ष म्हणजे भाऊ. लाठ्या खाल्लेले, तुरुंगात जाऊन आलेले. त्यांच्यासमोर आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. त्यांनी बाजारहाट, एस.टी.चा मोर्चा वगैरे विषय उरकले आणि मग मुलीला आत बोलावलं.

"फ्लॉपी घरी कशाला नेतेस?"

"चुकून गेली, भाऊ."

"रेशनवाल्याविरुद्धच्या तक्रारी होत्या तिच्यात."

"हो."

"भाऊ काय करतो तुझा?"

सगळ्यांना माहीत असलेलं उत्तर भरल्या बैठकीत वदवून घ्यायचं, ही पोलिसांची रीत. ती आमच्यावर वापरली गेली तेव्हा आम्ही पत्रकं काढली होती.

"बाजाराच्या दिवशीच मशीन मरतं," एक कार्यकर्ता म्हणाला. "इतर दिवशी नाय मरत. याचा अर्थ काय घ्यायचा आमी?"

मग पुढच्या बैठकीत तिला काढायचं की ठेवायचं ते ठरवू, असं झालं. म्हणजे ठरलंच होतं, फक्त तारीख राहिली होती. मी उठले. मी म्हणाले, संशय मलाही येतो. मला सगळ्यांचाच येतो. पण संशय वेगळा आणि आरोप वेगळा. यंत्र तपासल्याशिवाय माणसाला तपासायचं नाही.

"यंत्र तपासायला कल्याणवाला आहे," भाऊ म्हणाले. "त्याच्याशी वर्षाचा करार आहे."

हा कल्याणवाला म्हणजे माझ्या मते पहिला संशयित. त्याला बाजाराच्या दिवशी फोन करावा, तर तो दोन दिवसांनी उगवे. येऊन हब बंद करी, चालू करी, खुर्चीत बसून चहा घेई. "चालतंय की. कुठे काय?" कागदावर सही घेई आणि पुढची लोकल पकडायला निघून जाई. मी त्याला विचारलं, बाजाराच्या दिवशी का नाही येत? म्हणे, त्या दिवशी तुमच्याकडे बसायला जागा नसते, काम कसं करणार. मी म्हटलं, मग आम्हीच तपासतो, हत्यारं आणतो. तर लगेच त्याचा आवाज बदलला.

"ताई, तुम्ही हात लावलात तर करार रद्द. नंतर मला सांगू नका. मी म्हणतो हबच्या जागी नवा स्विच घ्या, एक सर्व्हर घ्या, प्रश्नच संपेल."

मी लिहून ठेवलं नाही, पण लक्षात ठेवलं. जो माणूस बिघाड दाखवत नाही आणि नवी वस्तू दाखवतो, तो कुणाचा माणूस?

हत्यारांची परवानगी मी भांडून मिळवली. भाऊंचं म्हणणं, आपण लोकांचं काम करतो, पक्कड-पाने घेऊन बसणार काय? माझं म्हणणं, शेतकऱ्याच्या घरात कोयता असतो, कुदळ असते, विळी असते, आणि ज्या कार्यालयाचं सगळं काम दोन मशीनवर चालतं त्याच्याकडे एक स्क्रूड्रायव्हर नाही. ही कसली स्वावलंबी संघटना? हे वाक्य आमच्याच एका जुन्या पत्रकातलं होतं. भाऊंनीच लिहिलेलं. त्यांना नाही म्हणता येईना.

कल्याणला स्टेशनजवळच्या गल्लीत एक दुकान होतं, केबलींची वेटोळी छतापर्यंत लटकलेली. दुकानदाराने मला बघितलं, माझ्या खांद्यावरची शबनम बघितली, आणि काउंटरवर एकेक वस्तू मांडायला लागला. मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारत होते: हिच्यावाचून अडतं काय?

"ये देखो, ताई, टोन टेस्टर. भिंतीच्या आत केबल असेल तर आवाज काढून शोधतो."

"आमची भिंतीच्या आत नाही. भिंतीच्या कडेने आहे."

"तर मग हा केबल टेस्टर." दोन डब्या. एक केबलच्या या टोकाला लावायची, दुसरी त्या टोकाला. केबलीत आठ तारा असतात, आठ दिवे एकामागोमाग एक लागतात. जो दिवा लागला नाही, ती तार तुटलेली. हे मला पटलं. यात कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नव्हता. दिवा लागला की लागला.

"आणि ही क्रिम्पिंगची पक्कड. केबलच्या टोकाला नवी पीन बसवायला."

"हिच्यावाचून अडतं?"

"पीन तुटली तर अडतं."

घेतली. पिनांची पुडी घेतली. एक तयार, हातभर लांबीची चांगली केबल घेतली, शंका आली तर जुनी काढून ही लावून बघायला. एक स्क्रूड्रायव्हर, एक टॉर्च. लांब केबलचं वेटोळं त्याने पुढे सरकवलं, ते मी मागे ढकललं. मला वाटलं, आता हा गळ्यात मारतोय.

मग तो हसला. "ताई, खरं सांगू? सगळ्यात चांगलं हत्यार तुमच्या मशीनमध्येच आहे. फुकट. पिंग म्हणतात." काळा पडदा उघडायचा, दुसऱ्या मशीनचा नंबर टाकायचा, आणि हे मशीन त्या मशीनला हाका मारत राहतं. तिकडून उत्तर आलं की ओळ उमटते, नाही आलं की तसं सांगणारी ओळ उमटते. थांबवेपर्यंत चालूच. त्याने मला चिठ्ठीवर लिहून दिलं.

दुकानदार फुकटचं सांगतो, याचा मला जास्त संशय आला. चिठ्ठी मी शबनममध्ये टाकली आणि विसरले.

या सगळ्याचे दोन संच घेतले होते, एक शहापूरला, एक मुरबाडला. मुरबाडचा ठेवून दिला. शहापूरचा घेऊन, कल्याणवाल्याला न सांगता, मी बाजार नसलेल्या दिवशी कार्यालयात गेले. भाऊ होते, दोन कार्यकर्ते होते, मुलगी होती. मी टेस्टरच्या डब्या सगळ्यांना दाखवल्या. एक बाहेरच्या टोकाला लावली, एक आत हबच्या टोकाला. केबल मध्ये पूर्ण खोलीभर भिंतीच्या कडेने गेलेली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, वरून बांबूच्या कामट्या ठोकून झाकलेली. हे काम संघटनेने श्रमदानाने केलं होतं. कल्याणवाला नुसती केबल टाकायचे वेगळे पैसे मागत होता, तर भाऊ म्हणाले होते, ठेकेदार कशाला, आपल्याला हात आहेत. एका रविवारी पाड्यांवरची माणसं आली, बांबू चिरले, कामट्या तासल्या, कुणाच्या पायात केबल येऊ नये म्हणून कुडाला ठोकतात तशा टीचभर अंतराने ठोकल्या. इतकं देखणं काम की पाहुण्यांना दाखवत असू.

दिवे लागले. एक, दोन, तीन, चार. सगळे आठ. ओळीत, हिरवे, एकही चुकला नाही. मी परत लावून बघितलं. परत आठ.

मी डबी खाली ठेवायच्या आत भाऊ बोलले.

"बघ. केबल ठीक. म्हणजे माणूस."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला वाचवायला म्हणून मी हत्यार आणलं होतं आणि आता तेच हत्यार तिच्याविरुद्धचा साक्षीदार होऊन उभं राहिलं होतं, आठ हिरव्या डोळ्यांनी. मला त्या डबीचाच राग आला. त्याहून राग आला भाऊंचा. इतके दिवस तपासणी नको म्हणणारा माणूस तपासणीचा निकाल लगेच कसा मानतो? हवा तसा निघाला म्हणून?

परतताना आम्ही दोघी एकाच एस.टी.त. तिला किन्हवलीला उतरायचं, मला पुढे मुरबाडला जायचं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

"ताई, घरी काय सांगू?"

"अजून काही सांगू नकोस."

"आईला कळलंय. बाजारात बोलले लोक. आई म्हणते, भावाला सांग काटा सोड. भाऊ म्हणतो, मी का सोडू, तू सोड टायपिंग." ती माझ्याकडे वळली. "आणि खर्डीकडच्या पाड्यावरची ती बाई, ताई. तीनदा आली. नाव उडवलंय तिचं. तिचा अर्ज अजून गेला नाही. ती माझ्याकडे कशी बघते, म्हाईत हाय?"

मी बाहेर बघत बसले. किन्हवली गेली, ती उतरली. पुढे सरळगावच्या अलीकडे रस्त्यात कुणीतरी बैलजोडी हाकत नेत होता, एस.टी. मागे अडकली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. आणि मला म्हशाची जत्रा आठवली. तिथे पत्रकं वाटताना मी कितीदा बघितलं होतं: घेणारा माणूस बैलाचे दात बघतो, खूर बघतो, शेपटी उचलून बघतो, आणि सगळं चांगलं निघालं तरी पैसे काढत नाही. म्हणतो, जू ठेव मानेवर आणि चालव. उभा बैल कुणाचाही चांगलाच. ओझ्याखाली लंगडतो की नाही ते दाखव.

आम्ही केबल तपासली ती रिकाम्या खोलीत. उभा बैल तपासला.

त्या चिठ्ठीसाठी मी एस.टी.तच शबनम उपडी केली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सकाळीच शहापूरला पोचले. मुलगी आली होती, पण खुर्चीच्या टोकावर बसली होती, कधीही उठायला सांगतील अशी. मी काळा पडदा उघडला, नंबर टाकला, ओळी सुरू झाल्या. उत्तर, उत्तर, उत्तर. दिसायला भजनासारखं, एकच ओळ परत परत. मी तिला म्हटलं, आज तू टाइप करू नकोस. फक्त याच्याकडे बघ, आणि थांबलं की सांग.

लोक यायला लागले. पिशव्या, कोंबडी पाय बांधलेली, डोक्यावरची गाठोडी. सगळे सवयीने भिंतीशी चटईवर बसले, भिंतीला पाठ टेकून, कारण आजूबाजूला दुसरं टेकायला काही नव्हतं. खोली अर्धी भरली. उत्तर येत होतं. पाऊण भरली. खर्डीकडची बाई आली, मशीनपाशी उभी राहून मुलीकडे काही न बोलता बघत राहिली.

"थांबलं," मुलगी म्हणाली.

मी ओरडले, "कुणी हलू नका!"

मग कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला, "का गो, पोलीस आले काय?"

"फोटू काढते वाटतं," दुसरा.

"मग केस नीट करू दे की जरा."

मी सांगितलं, एकेकाने उठायचं, मी सांगेन तसं. हसत, कुरकुरत लोक एकेक करून उठायला लागले. मुलगी पडद्याकडे बघून सांगे: नाही. नाही. नाही. रांग संपत आली आणि मधल्या जागी एक माणूस राहिला. खिशात मोबाइल असलेला, पांढऱ्या टोपीचा. याला मी दोनदा रेशनच्या दुकानाच्या पायरीवर बसलेलं बघितलं होतं. माझ्या डोक्यात गेल्या महिन्यापासून त्याची नोंद होती.

"तुम्ही उठा."

"मी कशाला? मी काय केलं?"

"उठा तर."

तो उठला. मुलगी म्हणाली, "आलं! उत्तर आलं!"

खोलीत एकदम गलका झाला.

"सापडला रे!"

"खिशातला मोबाइल बघा त्याच्या. त्याच्यानंच मशीन मारतो."

"ए, तू रेशनवाल्याच्या पायरीवर बसतोस ना?"

"पायरीवर सगळेच बसतात!" तो लाल झाला. "रॉकेलच्या लायनीत बसायचं कुठं, तुझ्या डोक्यावर?"

माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षक तयार होत होतं, खोटं कशाला बोलू. आतून भाऊही बाहेर आले होते, दारात उभे राहून बघत होते. सगळे त्या माणसाभोवती जमले होते, आणि तेवढ्यात उभं राहून कंटाळलेली एक आजी त्याच्या रिकाम्या जागी जाऊन बसली, पाठ टेकून, पाय पसरून.

"थांबलं परत," मुलगी म्हणाली.

सगळ्यांनी आजीकडे बघितलं.

"घ्या," पांढऱ्या टोपीवाला म्हणाला, "आता ही म्हातारीपण रेशनवाल्याची?"

"मी कुणाची नाय," आजी म्हणाली. "माझे गुडघे दुखतात, मी बसले."

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "आजी, जरा पुढे होता का?"

ती पुढे झाली. "आलं," मुलगी म्हणाली.

"आता मागे टेका."

"गेलं."

"परत पुढे."

"आलं!"

आजीला मजा वाटायला लागली होती. "अगं म्हणजे माझ्या पाठीत काय भूत हाय काय गो?" खोलीभर हसू उसळलं. ती आणखी दोनदा पुढेमागे झाली, न सांगता.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तिच्या पाठीमागची कामटी उचकटली. खिळे पक्के होते, श्रमदानाचे. कामटी निघाली आणि तिच्याखाली केबलवर काळ्या चिकटपट्टीचा अंगठ्याएवढा गोळा दिसला. पट्टी उन्हाळ्याने वाळून सुटलेली. मी ती सोडवली. आत केबल कापलेली होती आणि दोन टोकांच्या आठही तारा, रंगाला रंग लावून, विजेच्या वायरीला मारतात तसा पीळ मारून जोडलेल्या. कुणी टेकलं नाही तोवर तारा तारांना लागून राहायच्या, टेस्टरला हव्या तेवढ्या. कामटी दबली की जोड दबायचा, एक तार सुटायची. बाजाराच्या दिवशी खोली भरायची, बाजाराच्या दिवशीच माणूस इथे टेकायचा. इतकंच.

कल्याणवाल्याने ही केबल टाकलीच नव्हती. आमची होती. कुणी शत्रूने नव्हती कापली.

"केबल कमी पडली होती," दारातून भाऊ म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "श्रमदानाच्या दिवशी. दोन हात कमी पडली. दुसरा तुकडा होता, तो जोडला."

"कुणी?" मी विचारलं. मला उत्तर कळलं होतं, पण मला ते ऐकायचं होतं.

"बरं, ते बैठकीत बघू."

इतका वेळ मुलगी खुर्चीत होती. ती उठली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, मी त्याचीच वाट बघत होते.

"बैठकीत नको, भाऊ. बैठकीत मला विचारलंत फ्लॉपी घरी कशाला नेतेस, आणि ते बाजारात पोचलं. माझ्या आईपर्यंत पोचलं. हे बैठकीत बोललात तर बाजारात पोचेल काय? इथंच बोला."

कुणी हसलं नाही. भाऊंनी खोलीकडे बघितलं. तीस-चाळीस माणसं, त्यांच्याच माणसांनी ठोकलेल्या कामट्यांना पाठ लावून बसणारी. मला वाटत होतं हे आता भाषण करतील. श्रमदान, संघटना, चुकणं माणसाचं. मी त्या भाषणाचं उत्तरही तयार ठेवलं होतं.

"जोड मी मारला," भाऊ म्हणाले. "हिची काही चूक नव्हती. मी बोललो ते चुकीचं बोललो."

मागून एक जण हळूच म्हणाला, "भाऊ, वायरीचा जोड आणि भाऱ्याची गाठ एकच नसती हो." भाऊ त्याच्याकडे बघून मान हलवत राहिले.

पण मुलगी खुर्चीत परत बसली नाही. तिने पर्स उचलली. "नवी केबल टाका," ती मला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "वरून टाका, डोक्याच्या वर, उघडी. झाकू नका कशानं. मग मी येईन." आणि ती स्टँडकडे गेली. खर्डीकडची बाई तिच्या मागोमाग दारापर्यंत गेली आणि थांबली.

कल्याणला जाऊन मीच लांब केबलचं वेटोळं आणलं, जे मागे ढकललं होतं तेच. दुकानदार काही बोलला नाही, त्याचं न बोलणं मला जास्त झोंबलं. क्रिम्पिंगची पक्कड हातात घेऊन पिना बसवायला मला दोन पिना वाया घालवाव्या लागल्या. केबल डोक्याच्या वरून गेली, खिळ्यांवर, उघडी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही जोड नाही. कल्याणवाल्याचा फोन आला, करार रद्द म्हणाला. मी म्हटलं, बरं.

पण गावात बातमी सरळ पोचत नाही. शहापूरच्या एका जुन्या कार्यकर्त्याने मला स्टँडवर गाठून विचारलं, "जोडाचं ठीक आहे, पण तिचा भाऊ अजून तिथंच तोलतोय ना?" मी त्याला विचारलं, तुमचा मेव्हणा कुठल्या कंत्राटदाराकडे आहे, सांगू काय इथेच, सगळ्यांसमोर? तो निघून गेला. असे अजून किती होते, मला माहीत नाही. आजही नाही.

पुढच्या बाजाराला ती आली. मला वाटलं होतं, नाही येणार. दारातून आत आली, आधी वर बघितलं. केबलकडे, टोकापासून टोकापर्यंत, मान फिरवत. भाऊ आतून बाहेर आले होते, तेही तिच्याबरोबर वर बघत उभे राहिले. मग ती खुर्चीत बसली.

खर्डीकडची बाई सगळ्यांच्या आधीपासून येऊन बसली होती. ती उठून मशीनपाशी गेली. मुलीने बोटं कीबोर्डवर ठेवली, बाईकडे बघितलं.

"सांग."

"लिव, माझं नाव रेशनवाल्यानं उडवलं. तुझा भाऊ जिथं तोलतो ना, त्याच दुकानातून."

खोलीत बोलणं चालू होतं ते कमी झालं. मला वाटतं, सगळेच ऐकत होते.

"दुकानदाराचं पूर्ण नाव सांग," मुलगी म्हणाली. "आणि कधी गेलीस, काय बोलला, जसं बोलला तसं सांग. मी तसंच लिहिते."

बाईने सांगायला सुरुवात केली. मुलीने टाइप करायला सुरुवात केली, नेहमीच्या वेगाने. मधेच थांबून तिने विचारलं, "तेव्हा काट्यावर कोण होतं?"

बाईने एक क्षण माझ्याकडे बघितलं.

"तुझा भाऊच होता," ती म्हणाली.

मुलीने तेही टाइप केलं. आत प्रिंटर खरखरला, कागद बाहेर आला. तिने जाऊन तो आणला आणि बाईला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला.